भोंगा वाजला नाही

जुना ब्राउझर पुन्हा अडकला आणि उर्वशीने कपाळावर हात मारून घेतला. पडद्यावरचं ते गोल चक्र फिरत होतं, फिरतच होतं. बाहेर झुंजूमुंजू व्हायला आलं होतं. टोपल्या घेऊन बाया मोह वेचायला निघायची हीच वेळ.

चामोर्शीकडच्या त्या जंगलालगतच्या गावात मोहाच्या दिवसांत तिची ग्रामपंचायतीतली नोकरी पहाटेच सुरू व्हायची. रानातल्या वाटांवर झाडांना कॅमेरे बांधले होते. समोरून वाघ गेला की त्याचा फोटो कॉम्प्युटरवरच्या एका पानावर यायचा आणि घंटी घणघणायची. मग उर्वशी भोंगा सुरू करून गावाला सांगायची, आज कोणी जंगलात जाऊ नका. भोंगा वाजला तर घरी राहायचं, नाही वाजला तर निघायचं. मोह वेचायचा तर वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

सगळ्या गावाचा भोंग्यावर विश्वास होता. नव्हता फक्त तिच्या सासूचा, निदान तोंडाने तरी. गिरजाबाई रोज टोपली कमरेला लावून ऑफिसच्या खिडकीशी थांबायची आणि टोमणा मारल्याशिवाय पुढे जायची नाही. "वाघ आला का माकडं ओरडते. मले तेवढं पुरते. त्या डब्ब्याले काय समजते?" भोंगा वाजला की मात्र तिचे गुडघे हटकून दुखायचे आणि ती दिवसभर घरी बसायची. उर्वशी मनात हसायची. पण तिला वाईटही वाटायचं. सासूने एकदा, फक्त एकदा, 'बरं काम करतेस वो' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ते म्हणजे उंबराचं फूल.

"अडकला काय तुहा डब्बा?" आजही गिरजाबाई खिडकीत हजर होती. मागे शेजारची चंदा.

"नवा ब्राउझर टाकून राह्यली, आई. पियुषभाऊनं सांगतला. आता नाई अडकत."

पियुष तिचा दीर, चंद्रपूरला कॉलेजात. तो कितीदा म्हणाला होता, वहिनी, तो जुना फेका आता, नवा पाण्यासारखा चालते. आणि खरंच चालला. वाघाचं पान डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडलं. रिकामी वाट. एक चितळ. एक रानडुक्कर. बाकी काही नाही. उर्वशीला इतका आनंद झाला की तिने खुर्चीतच उडी मारली.

तेवढ्यात नव्या ब्राउझरने एक चौकट दाखवली. 'हे पान तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते. पाठवू द्यायच्या का?' उर्वशीचं बोट आपोआप 'नको'वर गेलं. फसवणुकीचे फोन आणि लिंका यायला लागल्यापासून तिने सगळ्या गावाला हेच शिकवलं होतं. पडद्यावर काहीही विचारलं की नको म्हणा. अक्षरशत्रू मुखरूसुद्धा आता 'नको' हा शब्द बरोबर ओळखायचा, आणि याचा तिला केवढा अभिमान होता.

चौकट गेली. गिरजाबाई थोडा वेळ खिडकीतच रेंगाळली. कॉम्प्युटर गप्प होता. "चाल वो चंदा," ती म्हणाली आणि दोघी निघाल्या.

उर्वशीने शेजारी दुसरं पान उघडलं. जुन्यात दोन पानं एकदम उघडायची सोयच नव्हती, लगेच मान टाकायचा. तुंबलेले दाखले ती भराभर काढत सुटली. चैतूच्या पोरीचा जन्मदाखला निघाला, रीताचा रहिवासी निघाला. घंटीचा आवाज नाही, कसली कटकट नाही. इतकी शांत सकाळ तिने त्या खुर्चीत कधी पाहिली नव्हती.

ऊन वर आलं तेव्हा चंदा टोपलीशिवाय ओरडत गावात शिरली.

पुरुष काठ्या घेऊन धावले. गिरजाबाईला बाजेवरून आणलं, वर लुगडं टाकून. बाजेचा एक पाय उर्वशीच्या नवऱ्याच्या, कुलदीपच्या खांद्यावर होता. त्याने बायकोकडे पाहिलंही नाही. सरपंच बापूरावांनी मात्र तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मशीन गप्पच होती, पोरी. वाघ दुसऱ्या वाटेनं आला असन. तुहा काय दोष?"

पंचनाम्याला सासूच्या आधार कार्डाची प्रत लागणार होती. ती काढायला उर्वशी ऑफिसात गेली. दाखल्यांच्या मागे ते पान उघडंच होतं. रिकाम्या वाटेच्या वर आता वाघ होता, समोरून, स्वच्छ. फोटोवरची वेळ बाया गावाची शीव ओलांडायच्या आधीची होती. पानाच्या कोपऱ्यात एक छोटीशी घंटी दिसत होती आणि तिच्यावर आडवी रेघ होती.

उर्वशीने घंटीवर बाण नेला, सकाळचीच चौकट पुन्हा आली आणि तिने 'हो' दाबलं. घंटी घणघणायला लागली. ती बंद करायचं तिला सुचेना.

आपण स्वतःच सगळ्यांना सांगायचं, असं ठरवून ती घरी आली. अंगण माणसांनी भरलं होतं. ती तोंड उघडणार तोच चंदाने तिचा हात घट्ट धरला.

"माकडं ओरडून राह्यले होते, उर्वशी. जोरात. मी म्हणलं, मावशी, वापस चला. त मलेच हासली. म्हणे, 'भेऊ नको वो. वाघ असता त माह्या सुनेनं भोंगा वाजवला नसता काय?'"