उजवीकडचा आवाज

"एकाच कानाने ऐकायचं असेल तर एवढे मोठे हेडफोन कशाला, ताई? एका कानाचं यंत्र मिळतं की स्वस्तात," काउंटरमागून फुरकान म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

"दोन्ही कानांचेच दाखवा," सोनाली म्हणाली.

तिचा उजवा कान सहाव्या वर्षी गालगुंडाच्या तापात गेला होता. आता ती बिरवाडीच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, आणि मोबाईलवरच्या लढाईच्या खेळात पोलादपूरच्या चौघांच्या टीममध्ये. रविवारी महाडला फायनल होती. सकाळीच तिचा भाऊ मंगेश, टीमचा कॅप्टन, तिला सांगून मोकळा झाला होता, पोरं म्हणतात यावेळी तू बाहेर बस. उजवीकडून कोणी आलं की तुला कळतच नाय. ती दिवाळीचा राखलेला बोनस पर्समध्ये टाकून त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसली होती आणि त्याला महाडच्या बाजारपेठेत या दुकानासमोर थांबायला लावलं होतं.

फुरकानने पहिला हेडफोन काढला तो जाडजूड, लाल दिवे लुकलुकणारा. "सगळे हाच नेतात." गाणं लावलं तर ढोल छातीपर्यंत घुमला. खेळ लावला तर त्याच घुमण्यात माणसांची पावलं बुडून गेली. "नको." दुसरा ब्लूटूथचा, हलका, कानाला मऊ. तिने खेळातल्या भिंतीवर एक गोळी झाडली. ठिणगी आधी दिसली, आवाज मागाहून आला.

"हा उशिरा बोलतो," तिने तो काढून ठेवला.

फुरकानने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुम्हाला नक्की कसा पाहिजे?"

"मान वळवली की ज्याच्यात आवाजपण फिरतो, तसा. एरवी मला कोणी हाक मारली की मी मान फिरवून बघते. जिकडे फिरवल्यावर आवाज मोठा होतो, तिकडे माणूस. पण साध्या हेडफोनात मान कितीही फिरवा, आवाज डोक्याला चिकटलेलाच."

फुरकान स्टुलावर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून एक काळा खोका घेऊन उतरला. "एकच पीस आहे. याच्याबद्दल कोणी विचारतच नाही." त्याने खोक्यातली बोटाच्या पेराएवढी पिन तिच्या फोनला खाली, चार्जरच्या जागी लावली. "आवाज हिच्यातून जातो, उशीर होत नाही."

मंगेशने खोक्यावरची किंमत वाचली. "सोने, येडी हायस काय? दीड महिन्याचा पगार जाईल."

"फोन काढ, दादा. खेळात तू लपायचं, मी शोधायचं. तीन डाव."

दोघं काउंटरच्या दोन टोकांना उभी राहिली. दुकानात फोनची काच बदलायला आलेली दासगावची बनुबाई तेवढी बाकावर होती. तीही सरकून पुढे आली.

पहिला डाव सोनाली हरली. मान घाईघाईत फिरवली, पावलं इकडची तिकडे झाली, आणि मंगेशने उजव्या खिडकीतून येऊन तिला टिपलं. त्याने पुन्हा खोक्यावरच्या किमतीकडे पाहिलं. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या डावात ती खेळातल्या ओसाड अंगणाच्या मधोमध उभी राहिली. हातातला फोन जराही हलवला नाही. मान सावकाश डावीकडे नेली. पाऊल बारीक झालं. मग सावकाश उजवीकडे. पाऊल मोठं झालं. आणखी जरा. आणखी मोठं, अगदी स्वच्छ, वाळूवर बूट घासल्यासारखं. ती वळली आणि झाडली.

"ए!" मंगेश ओरडला.

"बघा गो, कोंबडी कशी मान वाकडी करून चाहूल घेते, तशी घेतेय पोर," बनुबाई म्हणाली.

तिसऱ्या डावात मंगेश रांगत आला. रांगताना पावलं जवळजवळ वाजत नाहीत. तरी सोनाली म्हणाली, "विहिरीमागे हायस." मग म्हणाली, "आता जिन्याखाली." मग काही न बोलता गोळी झाडली. मंगेशचा पडदा लाल झाला.

मग त्याने टीमच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "रविवारी सोनाली खेळणार. ज्याला पटत नसेल त्याने बाहेर बसायचं."

"गाणं राहिलं की," फुरकान म्हणाला. "ताई, फोनमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायची सोय असते. लावलीय कधी?"

"नाय. अशी असते?"

त्याने सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करून दिलं. कंपनीच्या बसमध्ये रोज इअरफोनने ऐकायचं गाणं तिने लावलं, आणि ओळ संपायच्या आत तिचा हात हेडफोनवर गेला.

"दादा, मागे एक बाई गाते."

मंगेशने एक बाजू ओढून कानाला लावली. "ती पहिल्यापास्न गातेच हाय गो, उजव्या बाजूला."

सोनालीने हेडफोन त्याच्याकडून काढून घेतला, नीट डोक्यावर बसवला आणि गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. फुरकान बिल करायला विचारत होता, तिला ते ऐकू गेलं नाही. दुसरी ओळ आली तशी ती त्या बाईच्या आवाजात आवाज मिसळून गायला लागली. भर दुकानात, अगदी मोठ्याने.