सत्तेचाळीस नंबर

तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासणारी प्रत्येक बाई गोळ्याच्या बुडावर आपला नंबर ठोकायची. माल बिघडलाच तर कान कुणाचा धरायचा ते कळावं म्हणून. सत्तेचाळीस नंबरच्या मावशींच्या मालाबद्दल तीस वर्षांत एकही तक्रार नव्हती. त्यांना ना आगा ना पिछा. मिरवायला काय तो हाच नंबर. एकदा साहेबांनी बोलावलं. टेबलावर परदेशातून आलेला पोलादाचा तुकडा होता, त्यावर सत्तेचाळीस. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. “वेळेआधी फुटला का हो?” “छे! शाळेवर पडल्यावरच फुटला. चोख!” साहेब म्हणाले. “ही तक्रार नव्हेच. न्या घरी, आठवण म्हणून.” सोबतच्या चिठ्ठीत कुण्या आईनं एवढंच विचारलेलं: ‘सत्तेचाळीस नंबर, तुम्हाला मुलं आहेत का?’ आजवर कुणी विचारलंच नव्हतं. घरी मावशींनी तुकडा रिकाम्या खुर्चीत ठेवला. “नाहीत हो बाई,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्हाला?”