पोरीला विचारू द्या

“परत. आणि माझ्या डोळ्यांत बघून,” स्वराली मॅडम म्हणाल्या.

वैष्णवीनं मान वर केली. “माझं लग्न ठरवताय. मला भीती वाटतीय. मला शिकायचं हाय.”

“आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही, माफीही मागायची नाही. परत.”

सणसरकडच्या त्या शाळेत शनिवारी दहावीला ठामपणे बोलण्याचा तास असे. काय घडतंय, काय वाटतंय, काय हवंय: तीन वाक्यं, बस्स. वरून परिपत्रक आलेलं, म्हणून बाकीचे शिक्षक फोटो काढून मोकळे होत. जूनमध्ये बारामतीहून बदलून आलेल्या स्वराली मॅडम मात्र खरोखर शिकवत. वैष्णवीला तर त्या शाळा सुटल्यावरही थांबवून घेत. तिला रविवारी बघायला येणार होते. पोरीचं वय पंधरा. तिला या जगात मॅडमचाच काय तो आधार वाटे.

“स्थळ कुठलं?” मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“शेळगावचं. अजित नाव हाय. दूध डेअरीत हाय.”

मॅडमनी फळा पुसायला घेतला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

“वडिलांशी बोललीस?”

“आप्पा म्हनले, गप बस.”

“मग पाहुण्यांसमोरच बोल. शेवटी कुणीतरी म्हणतं, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. तेवढीच एक संधी असते. माझ्या वेळी मी नुसती मान हलवली. तू हलवू नकोस.”

“तुमी याल का, मॅडम?”

“मी शेजारी आहे असं समज.”

रविवारी पाहुण्यांची जीप आली. पुरुष खुर्च्यांवर बसले, बायका सतरंजीवर. वैष्णवी पाटावर, खाली बघत. मुलाच्या आईनं, सारजाबाईंनी, नाव विचारलं, चालून दाखवायला लावलं. त्यांची थोरली सून नाकापर्यंत पदर ओढून मागं भिंतीला टेकली होती.

मग सारजाबाई म्हणाल्या, “पोरीला काय इचारायचं असंल तर इचारू द्या.”

ही नुसती म्हणायची रीत. त्यावर मुलीनं मान हलवायची आणि चहा आणायला उठायचं, एवढंच असतं.

वैष्णवी उठली नाही. “तुमी माझं लग्न ठरवताय. मला भीती वाटतीय. मला शिकायचं हाय, लगीन न्हाय करायचं.”

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. शाबास म्हणावं असं बोलली पोरगी.

तिच्या बापाचा, सोनबाचा, हात उगारला गेला. सारजाबाईंनी त्याला थांबवलं.

“दमा, पाव्हणं. कुणी शिकवलं गं तुला ह्ये?”

“आमच्या मॅडमनी. शाळंत तास असतो त्याचा.”

सारजाबाई विचारात पडल्या. “शाळा मागं असंल तर आमाला लफडं नगं. आमी आत्ता उठतो. नसंल तर पोरीचा नुसता हट्ट हाय, चार दिसांत मोडंल.” त्या मागं वळल्या. “थोरल्या बाई, तुमी मास्तरीण. तुमीच सांगा, शिकवत्यात का असलं?”

सुनेनं पदर थोडा मागं घेतला.

“नाही, आत्या. शाळेत असलं काही शिकवत नाहीत,” स्वराली मॅडम म्हणाल्या.