भोपळ्याचा उत्तरार्ध

पुस्तकांचे गठ्ठे हातगाडीवर चढत होते आणि लेखिकाबाई गाडीला आडव्या उभ्या होत्या.

"बाजूला व्हा बाई," प्रकाशक म्हणाला. "वर्ष झालं, एक प्रत खपली नाही. खाटीक रद्दीत घेतोय, तर उपकार माना त्याचे."

त्या गावात बिनमटणाचं जेवण आजाऱ्यालाही कुणी वाढत नसे. तिथं बाईंनी नुसत्या भाज्यांच्या पाककृतींचं पुस्तक लिहिलं होतं. असं पुस्तक आधी कुणीच लिहिलं नव्हतं. का लिहिलं नव्हतं, ते आता कळत होतं. कुणीतरी एकदा त्यातलं काहीतरी शिजवून पाहावं, एवढीच बाईंची इच्छा होती. पण घरात नणंदसुद्धा "वहिनी, छान लिहिलंयस हं," म्हणे आणि तंगडी चोखत बसे.

गाडी गेली. दुसऱ्या दिवसापासून गावातलं मटण बाईंच्या पुस्तकात गुंडाळलं जाऊ लागलं. बाईंनी बाहेर पडणंच सोडलं.

मग एका आजोबांनी पुडी सोडताना भोपळ्याची कृती वाचली. पान संपलं तेव्हा भोपळा नुकताच फोडणीत पडला होता. पुढचं पान दुकानात. आजोबा अनवाणीच धावले आणि आणखी पाव किलो घेऊन आले. त्यात दुधीचा शेवट निघाला. दुधीची सुरुवात समोरच्या शिंपिणीकडे होती, पण ती बदल्यात अख्खा कोबी मागत होती.

दुकानापुढे रांग लागली. नणंदही रोज रांगेत.

"अगं, मला विचार ना!" बाई म्हणाल्या.

"तुला काय विचारायचं वहिनी? पुस्तकात काय दिलंय ते बघायला नको?"

एक दिवस खाटीकच घामाघूम होऊन दारात आला.

"ताई, पानं संपत आलीत. दुसरा भाग लिहा. पाया पडतो."

बाईंना रडूच फुटलं. "माझ्या पुस्तकामुळं गावात मटण दुप्पट खपतंय! एक ओळ लिहायची नाही मी."

खाटकानं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"खपतंय कसलं, ताई! पैसे देतात, कागद सोडवून घेतात, घरी भोपळा शिजतोय म्हणतात आणि मटण तिथंच टाकून पळतात. सोमवारपासून तोच एक तुकडा विकतोय मी."