आखूड पायाची फुली

कारखान्यात तीस वर्षे तपासनीस राहिलेल्या बाबांच्या हाताला एक सवय जडली होती. नापास मालावर ते फुली ओढत, आणि त्या फुलीचा डावा पाय नेहमी आखूड पडे. गेल्याच महिन्यात दूरच्या शहरातल्या एका पबमध्ये आंबूस वासाचा मासा त्यांनी काट्याने तशीच फुली मारून परत पाठवला होता.

आज लेकीच्या बढतीनिमित्त ते त्याच पबच्या इथल्या शाखेत बसले होते.

"बाबा, आज नाक मुरडायचं नाही हं!"

त्यांनी माशावरचे कुरकुरीत आवरण उचलले. आत तोच वास होता, तोच तार सोडणारा बुळबुळीतपणा होता आणि मधोमध आखूड पायाची फुली होती.

"हा शिळा आहे," ते वेटरला म्हणाले.

"काका, आत्ताच तळलाय. हात लावा, चटका बसेल."

तरी त्याने दुसरा आणून दिला. त्यावरही तीच फुली होती. बाबांनी ताट दूर लोटले.

"पोरी, तुझा खाऊ नकोस!"

"संपला की कधीच! पण जिभेला काहीतरी बोचतंय, बघा ना."

तिने जीभ बाहेर काढली. तिच्यावर फुली उमटली होती, आणि फुलीचा डावा पाय आखूडच होता.