बाहेरची कडी

भूकंपाचा धक्का थांबून दहा मिनिटं झाली तरी सुकन्या कॉलेजच्या मैदानात अनवाणी उभी होती. प्रयोगशाळेतल्या चपला आणि हातमोजे तिने जिन्याच्या पायथ्याशीच काढून टाकले होते. वर ती सोयाबीनच्या मुळांना द्यायला किरणोत्सारी फॉस्फरसचं पाणी मोजून घेत होती. जमीन हलली, बाटली कलंडली, एवढं तिने पाहिलं होतं. पुढचं काही आठवत नव्हतं. थेट जिन्याचा पायथाच.

किल्लारीकडच्या त्या मोठ्या भूकंपाला दीड वर्ष झालं होतं. त्या पहाटेही ती अशीच धावली होती. धाकटा भाऊ घरात राहिला होता.

रेणुकादास सर तिच्याजवळ आले. प्रयोगशाळा त्यांची. किरणोत्सारी पदार्थ वापरायचा परवाना तीन महिन्यांपूर्वीच त्यांच्या नावाने मुंबईहून आला होता, आणि सुरक्षेची जबाबदारी सुकन्याच्या नावाने.

"किती सांडलं?"

"थोडंच. पण सर, मी त्याच चपलांनी बाहेर पळाले."

सरांनी मैदानाकडे पाहिलं. बारावीच्या ज्यादा तासांची साठ-सत्तर मुलं तिथे उभी होती. त्यांचा वर्ग त्याच मजल्यावर होता.

"मुलांना मी इथंच थांबवतो," ते म्हणाले. "तुम्ही वर जा."

पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून आणि नवे हातमोजे घालून सुकन्या आणि शिपाई अण्णाराव वर गेले. दाराशी टांगलेलं किरणोत्सार मोजायचं मीटर तिने काढून घेतलं. टेबलाजवळ ते जोरात टकटकलं. ती वाकून एकेक फरशी तपासत पुढे सरकली. जिथे टकटक वाढे तिथे बोट दाखवायची आणि अण्णाराव खडूने गोल काढायचा.

सातव्या गोलाला तो थांबला.

"बाई, पुसून टाकू की गपचूप. लई थोडं हाय. कुणाला कळून राहिलंय?"

"मीटरला कळतंय."

"लायसन गेलं तर?"

सुकन्याने मीटर पुढच्या फरशीवर धरलं. परवाना गेला तर तिचं कामही जाणार होतं. गोलागोलांतून तिची स्वतःचीच पावलं फरशीवर उमटत होती आणि त्यांच्याकडे बघायची तिला लाज वाटत होती. लांब लांब ढांगा. जीव घेऊन पळणारीच्या.

ती दारातून बाहेर आली. जिना डावीकडे होता, म्हणून तिने मीटर डावीकडे धरलं. तिथे टकटक फारच मंद होती. ती एक पाऊल पुढे गेली, मागे आली. मग तिने मीटर उजवीकडे वळवलं. ते जोरात टकटकलं.

"तिकडं कशाला गेला होता बाई?" अण्णारावाने विचारलं.

"माहीत नाही."

उजवीकडे एक गोल. मग दुसरा. पाच गोल, बारावीच्या वर्गापर्यंत. दारासमोर दोन पावलं शेजारी शेजारी उमटली होती. इथे कुणीतरी उभं राहिलं होतं. तिथून पावलं उलटी फिरून, फिकट होत होत, जिन्याकडे गेली होती.

सुकन्याने मीटर हळूहळू दारावरून वर नेलं. फळीवर काही नाही. बाहेरच्या कडीपाशी ते पुन्हा टकटकलं.

तिने अण्णारावाकडून खडू घेऊन कडीभोवती गोल काढला. मग खाली आली.

मैदानात सरांनी मुलांची रांग लावली होती. एकेकाच्या चपला ती तपासू लागली. तिघांच्या चपला पिशवीत गेल्या. त्यातली एक मुलगी हदगावहून शिकायला आलेली, मृण्मयी. तापलेल्या मातीत पाय उचलत ती म्हणाली, "मॅडम, मला चालतंय. राहू द्या त्या."

"परत मिळतील. चपलेतला किरणोत्सार दर पंधरवड्याला निम्मा होत जातो. पाच महिन्यांनी ये." सुकन्याने मीटर खाली धरलं. "तुमच्या वर्गाची कडी कुणी काढली गं?"

मृण्मयीने तिच्याकडे नवलाने पाहिलं.

"तुम्हीच की. पेपर चालू असला की आमच्या वर्गाचे सर बाहेरून कडी लावून खाली चहाला जातात. आम्ही दार बडवून राहिलो होतो. तुम्ही कडी काढली आन् 'भिंतीपासून लांब चला' म्हणालात. तुम्ही सगळ्यांत शेवटी उतरलात मॅडम."

सुकन्याने मान हलवली. पुढच्या मुलाची चप्पल तिने हातात घेतली, आणि ती नीट दिसायला तिला थोडा वेळ लागला.

संध्याकाळपर्यंत फरशी पुसून झाली. सांडल्याचा अहवाल तिने लिहून सरांपुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"उद्या रजिस्टर टपालाने मुंबईला जाऊ दे," ते म्हणाले. "काय म्हणतील ते म्हणतील. पण ही एक ओळ चुकलीय." त्यांनी बोट ठेवलं. प्रयोगशाळेबाहेर किरणोत्सार पसरण्याचं कारण, या रकान्यात तिने लिहिलं होतं: घाबरून पळाल्यामुळे.

"मला तसंच आठवतं सर."

"आठवतं ते नको. मीटरने दाखवलं ते लिहा."

तिने ओळ खोडली. तिथे लिहिलं: वर्गाच्या दाराची कडी काढण्यासाठी गेल्यामुळे.

बाहेर वर्गाच्या दाराशी अण्णाराव हातमोजे घालून कडीचे स्क्रू काढत होता. कडी निघाली तशी त्याने ती पिशवीत टाकली, पिशवी चपला ठेवलेल्या पिंपात, आणि सुकन्याला हाक मारली.

"बाई, पाच म्हैन्यांनी ही परत बसवायची का?"

"नाही," ती म्हणाली.