हालणारा पाळणा

डोणगावात बनाबाईच्या अंगणात बायका बारशाला जमल्या होत्या. बाळ मात्र ऑस्ट्रेलियात, मोबाइलच्या पडद्यावर. लेक समता तिकडे रडकुंडीला आली होती. "माय, दिवसभर दुकानं पालथे घातले. इथले पाळणे हालतच नाही वं. बारसं उद्या करू." बनाबाई उसळली, "घुगऱ्या शिजल्या अन् उद्या? जावई कसरतीले लटकते तो दांडा आहे ना दारात? त्याले माह्यं लुगडं बांध." जाताना नको-नको म्हणत नेलेलं ते लुगडं समतानं बॅगेतून काढलं. झोळी बांधून जावयानं स्वतः लोंबकळून गाठ तपासली. बायका खदखदून हसल्या. मग बाळ झोळीत गेलं, झोळी हालली आणि बनाबाईनं नातीचं नाव पुकारलं, "महामाया." घुगऱ्या वाटून झाल्या तरी बनाबाईचा हात पुढं-मागं होतच होता. "बनाबाई, इथून काय हालवता?" शेजारणीनं चिडवलं. "हळू बोल, पोरगी झोपून राह्यली."